जुनी गाडी घेताना धूर कसा तपासायचा: पीयूसीच्या कागदापलीकडची तपासणी

मेहुण्यासाठी डिझेल एसयूव्ही बघायला गेलो होतो. २०२१ चं मॉडेल, बीएस-६ (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या सरकारी नियमांचा टप्पा), एकच मालक, पीयूसीची मुदत अजून सात महिने बाकी. गाडी पॉलिश मारून उभी केली होती आणि मेहुणा विसार द्यायला पैसे घेऊनच आला होता. मी पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात आतून फिरवला. रुमाल काजळीने काळा झाला. विकणारा म्हणाला, "डिझेल आहे साहेब, एवढं येणारच."

बीएस-४ डिझेलबद्दल त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. पण बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी सिरॅमिकची जाळी. ती जागेवर आणि धड असेल तर सायलेन्सरचं तोंड आतून वर्षानुवर्षं जवळपास स्वच्छ राहतं. गाडी पिटवर घेतली तेव्हा दिसलं की डीपीएफचा डबा कापून पुन्हा वेल्डिंग केलेला आहे आणि आतून रिकामा आहे. तरीही त्या गाडीकडे वैध पीयूसी होतं.

म्हणून पहिलीच गोष्ट सांगतो. अमुक दिवशी अमुक यंत्रावर अमुक आकडा आला, एवढंच पीयूसी सांगतं, आणि तो आकडा याच गाडीच्या सायलेन्सरमधून आला याची खात्रीही दर वेळी नसते. गाडी नियमात बसते की नाही हे कळण्यासाठी आरसी, गाडीची खालची बाजू आणि गाडीचा संगणक ही तिन्ही ठिकाणं आपल्याला स्वतः बघावी लागतात. अर्धा दिवस जातो, पण त्यात लाखाचा फटका वाचू शकतो. शिवाय सिग्नलला आपल्या मागे दुचाकीवर बसलेलं पोर आपलाच धूर नाकात घेत असतं. मला ही गोष्ट पैशाहून मोठी वाटते.

आधी घरी बसून: गाडी कोणत्या बीएसची?

विकणाऱ्याकडून आरसीचा फोटो मागवा. त्यावरचा नंबर एमपरिवहन ॲपमध्ये किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर टाका. इंधन, नोंदणीची तारीख, उत्पादनाचा महिना आणि उत्सर्जनाचा टप्पा या चार गोष्टी कागदाशी जुळल्या पाहिजेत.

नुसत्या वर्षावरून टप्पा ठरवू नका, इथे बरेच जण फसतात. बीएस-४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. मोठ्या शहरांत मात्र ते २०१० पासूनच होतं, आणि त्या यादीत आपल्याकडचं मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं. त्यामुळे २०१४ ची पुणे पासिंगची मोटार बीएस-४ असते, पण त्याच वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात नोंदलेली गाडी बीएस-३ असू शकते. बीएस-३ गाड्यांची विक्री आणि नोंदणी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ३१ मार्च २०१७ नंतर बंद झाली. बीएस-४ ची विक्री ३१ मार्च २०२० ला थांबली आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात प्रयोगशाळेच्या जोडीला प्रत्यक्ष रस्त्यावर चालवूनही उत्सर्जन मोजतात.

आरसीवर बीएस-४ आणि नोंदणी एप्रिल २०२० नंतरची, असं दिसलं तर थांबा. मुदतीआधी विकलेल्या आणि सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर नोंद झालेल्या काही गाड्यांना नंतर नोंदणीची परवानगी मिळाली होती, त्यामुळे अशी प्रत्येक गाडी खोटी नसते. पण भंगारात काढलेल्या बीएस-४ गाड्या चेसिस नंबर बदलून विकल्याची प्रकरणंही पोलिसांनी उघडकीस आणली आहेत. मूळ विक्रीचं बिल आणि पहिला विमा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. चेसिसवर कोरलेल्या नंबरावरून बोट फिरवून बघा. घासल्याचा, पुन्हा ठोकल्याचा किंवा आजूबाजूला ताज्या रंगाचा मागमूस लागला तर तिथूनच परत फिरा.

आणखी एक सोपी खूण आहे. उच्च सुरक्षा नंबरप्लेटसोबत पुढच्या काचेला आतून एक स्टिकर येतं. पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळं, डिझेलला नारिंगी. गाडी बीएस-६ असेल तर त्याच्या वरच्या कडेला हिरवी पट्टी असते. स्टिकरवरचा नंबर आणि रंग आरसीशी ताडून बघायला अर्धं मिनिट लागतं.

पीयूसीचा कागद कसा वाचायचा

परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले की पीयूसीची नोंद दिसते. विकणाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोपेक्षा ती नोंद बघा. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचं पीयूसी वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाड्यांचं सहा महिने. नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही.

कागदावर गाडीचा फोटो असतो, तो मोठा करून बघा. गाडी खरोखर केंद्रावर उभी आहे का, की नंबरप्लेट तेवढी दिसतेय? मग आकड्यांकडे या. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम एवढी मर्यादा आहे. इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर नेल्यावर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा, म्हणजे हवा आणि इंधन यांच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ दरम्यान असावा लागतो. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल मोटारींना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम चालतात. डिझेलमध्ये धुराचा गडदपणा मोजतात. बीएस-४ ला १.६२ आणि त्याआधीच्या गाड्यांना २.४५ ही मर्यादा आहे.

पेट्रोलच्या कागदावर सगळे आकडे मर्यादेच्या काठाला टेकलेले असतील, तर गाडी पास असली तरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा डबा) थकलेला असण्याची शक्यता धरा. धडधाकट कन्व्हर्टरची गरम गाडी मर्यादेच्या बरीच खाली असते.

जागेवर गेल्यावर: इंजिन थंड हवं

आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का, ते विचारा. थंडीत पांढरी वाफ येणं, सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब पडणं यात काही बिघडलेलं नसतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पेट्रोल गाडीचा काळा धूर म्हणजे मिश्रणात इंधन जास्त जातंय. अशी गाडी महिनोन्महिने चाललेली असेल तर कन्व्हर्टरही बहुधा खराब झालेला असतो, कारण न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते.

चावी फिरवा, पण स्टार्टर मारू नका. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. चावी फिरवून दिवा लागतच नसेल तर तो काढलेला, झाकलेला किंवा सॉफ्टवेअरमधून बंद केलेला असू शकतो. दिवा पेटलेला राहण्यापेक्षा मला हे जास्त खटकतं. पेटलेल्या दिव्यामागे बिघाड असतो. लपवलेल्या दिव्यामागे कुणीतरी मुद्दाम केलेला उद्योग असतो.

गाडीखाली जायलाच हवं

जवळच्या गॅरेजला थोडे पैसे देऊन गाडी पिटवर किंवा लिफ्टवर घ्या. गॅरेज विकणाऱ्याच्या ओळखीचं नको.

पेट्रोल गाडीत कन्व्हर्टर शोधा. नव्या गाड्यांत तो इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या मॅनिफोल्डला लागूनच, उष्णतारोधक पत्र्याच्या आड असतो. जुन्या गाड्यांत खाली, मधल्या पाइपावर. त्याच्या जागी नुसता सरळ पाइप असेल तर विषय संपला. डबा असेल तर त्याच्या कडांचं वेल्डिंग बघा. कंपनीचं वेल्डिंग एकसारखं आणि बाकीच्या पाइपाइतकंच गंजलेलं असतं. हाताने केलेलं गुठळ्या-गुठळ्यांचं आणि नव्या रंगाचं दिसतं. इंजिन बंद आणि थंड असताना डब्यावर रबरी हातोडीने हलके टकटक करा. आत खडखडलं तर जाळी फुटलेली, भांड्यासारखा पोकळ आवाज आला तर आत काहीच नाही.

हा डबा चोरीलाही जातो. त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा थर असतो. मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. त्या टोळ्यांना हवी असते आतली ती मौल्यवान 'माती'. चोरीनंतर मालकाने स्वस्तातला डबा बसवून गाडी विकायला काढली असेल, तर त्याची लबाडी नसली तरी भुर्दंड तुमच्याच माथी येतो. म्हणून अशा गाडीत कन्व्हर्टर कधी बदलला आणि त्याचं बिल कुठे आहे, हे सरळ विचारा.

कन्व्हर्टरच्या पुढे आणि मागे धुरातला ऑक्सिजन मोजणारा एकेक सेन्सर असतो, त्यातला मागचा ऑक्सिजन सेन्सरही बघून घ्या. तो थेट पाइपात बसवलेला असतो. सेन्सर आणि पाइप यांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढा नटासारखा तुकडा दिसला तर तो स्पेसर. सेन्सर वायूच्या प्रवाहाबाहेर ओढायचा आणि रिकाम्या कन्व्हर्टरवर दिवा लागू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम.

डिझेलमध्ये रुमालाची परीक्षा पहिली, पण ती फक्त बीएस-६ साठी. मग डीपीएफच्या डब्यावर कापल्याची खूण शोधा आणि त्याला जोडलेल्या दोन बारीक प्रेशर नळ्या जागेवर आहेत का बघा. बीएस-४ डिझेलमध्ये मुख्य लक्ष ईजीआरवर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेवर. काही गॅरेजवाले त्याच्या वाटेत पत्र्याची चकती घालून ती बंद करतात आणि 'पिकअप वाढतो' असं सांगतात. गॅस्केटच्या कडेला वेगळा, चकचकीत पत्रा डोकावत असेल तर तीच ती चकती. ईजीआर बंद केल्यावर नायट्रोजनची ऑक्साइड्स वाढतात, आणि पीयूसी केंद्रावर ती मोजतच नाहीत. त्यामुळे ही गाडी कागदावर कायम पास.

डिझेल बीएस-६ ची डिपस्टिकही काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर डीपीएफ साफ करायला सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. ही गाडी बहुधा गावातल्या गावात दोन-चार किलोमीटर फिरत राहिली आहे. हायवेला सलग वेग मिळाला की डीपीएफ तापतो आणि काजळी जाळून टाकतो. रोज शाळा-बाजार करणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही. डीपीएफ बदलायचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. म्हणून रोजचं रनिंग किती आणि कुठलं, हा प्रश्न डिझेल घेताना किंमतीच्याही आधी विचारावा. तुमचंही रनिंग तसंच असेल तर बीएस-६ डिझेल घेऊच नका, असं मी स्पष्ट सांगेन.

गाडीची आठवण वाचा

स्टीअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. ओबीडी म्हणजे बिघाड स्वतःच ओळखून नोंदवणारी गाडीतली यंत्रणा. बीएस-४ मोटारींना ओबीडीचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत सहसा पुरेशी माहिती मिळते. ब्लूटूथचा साधा स्कॅनर ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवरच्या ॲपला जोडता येतो. माझ्या मते जुनी गाडी घेणाऱ्याने आधी हीच वस्तू विकत घ्यावी.

आधी साठवलेले बिघाडाचे कोड वाचा. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरची क्षमता घटली आहे. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून वायू पुरेसा जात नाही. पी२००२ डीपीएफच्या कार्यक्षमतेबद्दल आणि पी२४६३ त्यात साचलेल्या काजळीबद्दल. पी०३०० म्हणजे इंजिन मिसफायर करतंय, सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही.

एकही कोड नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. कोड पुसायला दहा सेकंद पुरतात. पण पुसल्याची खूण मागे राहते, आणि ती बघायची जागा फार जणांना माहीत नसते. ॲपमध्ये 'रेडिनेस मॉनिटर्स' नावाचं पान असतं. कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, ईजीआर अशा यंत्रणांची स्वतःची चाचणी पूर्ण झाली की नाही, ते तिथे दिसतं. कोड पुसले की या चाचण्या 'अपूर्ण' होतात आणि काही दिवस सर्वसाधारण गाडी चालवल्यावर पुन्हा पूर्ण होतात. बरेच मॉनिटर्स अपूर्ण असतील तर कुणीतरी नुकतंच पुसलंय, किंवा बॅटरी काढली होती. 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' हा आकडाही अनेक गाड्या देतात. मालक म्हणतो गाडी रोज वापरात आहे, आणि अंतर दिसतं ६ किलोमीटर. याचा अर्थ तुम्ही यायच्या सकाळी गॅरेजला चक्कर झाली आहे. तिथे वाद घालत बसू नका. "आठवडाभर चालवा, मी पुन्हा येऊन स्कॅन करतो," एवढंच म्हणा. ज्याची गाडी खरी असते तो सहसा हो म्हणतो.

पेट्रोल गाडीत आणखी एक गोष्ट प्रत्यक्ष बघता येते. इंजिन चांगलं गरम झाल्यावर दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे आलेख लावा. जुन्या पद्धतीच्या पुढच्या सेन्सरची रेषा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वर-खाली उड्या मारते. मागच्या सेन्सरची रेषा बरीचशी स्थिर राहिली पाहिजे, साधारण ०.६-०.७ च्या आसपास. मागची रेषाही पुढच्यासारख्याच उड्या मारत असेल तर मधला कन्व्हर्टर काम करत नाही. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा डॉक्टरांकडचा ईसीजी आठवला, इतकं स्पष्ट दिसतं.

पीयूसी आपल्या डोळ्यांदेखत

आता गाडी जवळच्या पीयूसी केंद्रावर न्या. केंद्र तुम्ही निवडा आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करून न्या. थंड कन्व्हर्टर काम करत नाही, त्यामुळे चांगली गाडीही नापास होऊ शकते. पेट्रोलमध्ये नळी सायलेन्सरच्या आत खोलवर गेली आहे का बघा. तोंडाशी लटकत ठेवली की बाहेरची हवा मिसळते आणि आकडे खोटे छान येतात. आयडल आणि २,५०० फेऱ्या, दोन्हींवर मोजायला लावा. लॅम्डा १.०३ च्या वर गेला तर सायलेन्सरला भोक आहे का ते आधी तपासा.

डिझेलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबून सोडायचा असतो, आणि असं सलग काही वेळा. ऑपरेटर अर्धवट दाबून उरकत असेल तर नम्रपणे सांगा, "पूर्ण दाबा, गाडी मी घेतोय." त्याआधी टायमिंग बेल्ट किंवा चेनचा इतिहास विचारून घ्या, कारण जीर्ण बेल्टच्या इंजिनाला अशी रेस देणं धोक्याचं. आणि बीएस-६ डिझेल असेल तर नुसतं 'पास' ऐकून समाधान मानू नका. डीपीएफ धड असताना आकडा शून्याच्या जवळपास असतो. मर्यादेच्या आत असूनही आकडा चढलेला दिसला, तर रुमाल पुन्हा काढा.

सीएनजी, दिल्लीच्या गाड्या आणि पंधरा वर्षं

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर चढवलेलं असलंच पाहिजे, म्हणजे इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजी दिसलं पाहिजे. विम्यातही त्याची नोंद हवी. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते. टाकीवरच्या पट्टीची तारीख वाचा. पीयूसी दोन्ही इंधनांवर करून बघा, कारण अनेक गाड्या गॅसवर स्वच्छ आणि पेट्रोलवर धुरकट चालतात.

दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंधनं आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. तेव्हापासून तिकडच्या डिझेल गाड्या एनओसी घेऊन स्वस्तात आपल्याकडे येत आल्या आहेत. त्या बाबतीतले आदेश नंतरही बदलत राहिले. गाडी स्वस्त का आहे हे एकदा कळलं की तिची तपासणी अधिक कडक करा, आणि एनओसी तुमच्याच आरटीओच्या नावाची आहे याची खात्री करून मगच पैसे द्या.

पंधरा वर्षांच्या जवळ आलेल्या गाडीत नोंदणी नूतनीकरणाचा खर्च आधीच धरा. २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ५,००० रुपये झालं, त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा, आणि तपासणीत गाडी धुरावर अडली तर दुरुस्तीही आपल्याच पदरची.

विसार देण्याआधी

कन्व्हर्टर, डीपीएफ किंवा ईजीआर काढलेली गाडी घेतली की ती जबाबदारी नव्या मालकाची होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरबदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम १९० खाली प्रदूषणाचे निकष मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. "मी घेतली तेव्हाच तशी होती" हे रस्त्यावर कुणी ऐकून घेणार नाही.

म्हणून विसाराच्या पावतीवर तारखेसह एक ओळ लिहून घ्या: 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, डीपीएफ, ईजीआर व त्यांचे सेन्सर कंपनीने दिल्याप्रमाणे आहेत, कोणताही भाग काढलेला अथवा बंद केलेला नाही, तसे आढळल्यास विसार पूर्ण परत.' स्कॅनरच्या पानांचे स्क्रीनशॉट आणि त्या दिवशीच्या पीयूसीची प्रत पावतीला जोडा. नावावर गाडी झाली की वाहन प्रणालीत तुमचा मोबाइल नंबर आहे ना ते बघा, नाहीतर पीयूसीचे मेसेज जुन्या मालकाला जात राहतील.

मेहुण्याच्या वेळी मी हीच ओळ कागदावर लिहून त्या विकणाऱ्यापुढे ठेवली होती. त्याने ती दोनदा वाचली, पेन खाली ठेवलं आणि किंमत साठ हजारांनी कमी करतो म्हणाला. आम्ही चहा संपवला आणि निघालो. पुढच्या महिन्यात मेहुण्याने एका निवृत्त शिक्षकांची पेट्रोल गाडी घेतली. स्कॅनर लावायचा का असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "लावा की, मलाही बघायचंय आत काय दिसतं ते."